एम्बेडेड लिनक्समध्ये होम डिरेक्टरी नेमकी कोण ठरवते?

प्रश्नकर्त्याची अडचण थोडक्यात अशी आहे. योक्टोवर (एम्बेडेड उपकरणांसाठी स्वतःचे लिनक्स बांधण्याची साधने) तयार केलेल्या त्यांच्या गेटवे बोर्डावर रूटची, म्हणजे सर्वाधिकार असलेल्या वापरकर्त्याची, होम डिरेक्टरी ‘/होम/रूट’ अशी येते. डेस्कटॉपवरील लिनक्सप्रमाणे ती ‘/रूट’ असावी, म्हणून त्यांनी बोर्डावर जाऊन पासवर्ड फाइलमधील ती ओळ हाताने बदलली. एसएसएचने (नेटवर्कवरून) लॉगिन केले की सगळे ठीक दिसते. मात्र बूट होताना आपोआप सुरू होणारा त्यांचा प्रोग्राम सेटिंगची फाइल भलत्याच ठिकाणी शोधतो, आणि नवी इमेज (सिस्टीमची बांधलेली संपूर्ण प्रत) चढवली की ‘/होम/ॲप’मधील फाइल्स कधी दिसतच नाहीत, तर कधी दिसतात पण उघडता येत नाहीत. डिफॉल्ट होम डिरेक्टरी एकदाच आणि कायमची कशी बदलावी, असे त्यांनी विचारले आहे.

यात खरे तर तीन प्रश्न एकमेकांत गुंतले आहेत. पासवर्ड फाइलमध्ये काय लिहिले आहे, हा पहिला. चालू असलेल्या प्रोसेसच्या होम या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये काय आहे, हा दुसरा. आणि त्या पाथवर त्या क्षणी कोणते पार्टिशन माउंट झालेले (जोडलेले) आहे व तेथील डिरेक्टरी कोणाच्या मालकीची आहे, हा तिसरा. डेस्कटॉपवर इन्स्टॉलर आणि लॉगिन मॅनेजर या तिन्ही गोष्टींचा मेळ घालून देतात, त्यामुळे त्या वेगळ्या आहेत हे सहसा जाणवत नाही. एम्बेडेड उपकरणात हा मेळ आपणच घालायचा असतो, आणि पहिली गोष्ट बदलली म्हणून उरलेल्या दोन आपोआप बदलत नाहीत.

पुढे जाण्यापूर्वी हेही सांगायला हवे, की उत्तर बऱ्याच अंशी परिस्थितीवर अवलंबून आहे. इनिट म्हणून, म्हणजे बूट होताना सर्वप्रथम सुरू होऊन बाकीच्या सेवा सुरू करणारा प्रोग्राम म्हणून, सिस्टीमडी आहे की बिझीबॉक्स अथवा सिसव्ही, रूट फाइलसिस्टीम फक्त वाचता येण्याजोगी ठेवली आहे का, अपडेट करताना संपूर्ण रूट पार्टिशन बदलले जाते की पॅकेजेस सुटी बदलतात, आणि उपकरणे ग्राहकांकडे पोहोचली आहेत की अजून टेबलावरच आहेत, या चार गोष्टींवर माझा सल्ला बदलतो. प्रश्नात ‘नवी इमेज चढवली’ असे शब्द आहेत, म्हणून रूट पार्टिशन पूर्ण बदलले जाते आणि ‘/होम’ बहुधा वेगळ्या, टिकून राहणाऱ्या पार्टिशनवर (पुढे त्याला डेटा पार्टिशन म्हणतो) आहे, असे मी धरून चालतो.

प्रथम पासवर्ड फाइल. ‘/ईटीसी/पासडब्ल्यूडी’मधील प्रत्येक ओळीत अपूर्णविरामांनी तोडलेले सात रकाने असतात आणि त्यांतील सहावा रकाना म्हणजे होम डिरेक्टरी. लॉगिन, एसएसएच सर्व्हर आणि क्रॉन हे प्रोग्राम हा रकाना वाचतात व त्यानुसार होम व्हेरिएबल भरून देतात. म्हणूनच हाताने केलेला बदल तुम्हाला एसएसएचमध्ये लगेच दिसला. पण हा रकाना म्हणजे केवळ लिहून ठेवलेला पत्ता आहे. त्या पत्त्यावर डिरेक्टरी आहे की नाही हे कोणी तपासत नाही, आणि ओळ बदलल्याने जुन्या ठिकाणच्या फाइल्स नव्या ठिकाणी जात नाहीत. डिरेक्टरी नसेल तर ओपनएसएसएच ‘होम डिरेक्टरीत जाता आले नाही’ असा संदेश देतो आणि तुम्हाला मूळ ‘/’मध्ये उभे करतो. लॉगिन थांबत नाही, म्हणून हा दोष बरेच दिवस कोणाच्या लक्षातही येत नाही.

आता दुसरी गोष्ट, आणि तुमच्या प्रोग्रामची खरी गोम येथे आहे. लिनक्स कर्नल पहिली प्रोसेस सुरू करताना तिला जे मोजके एन्व्हायर्नमेंट देतो, त्यात होमची किंमत ‘/’ अशी थेट कर्नलच्या सोर्समध्येच लिहिलेली आहे. बिझीबॉक्सचा इनिटही स्वतः पुन्हा तेच करतो. इनिटस्क्रिप्टमधून सुरू झालेला प्रोग्राम कोणत्याही लॉगिनमधून गेलेला नसतो, त्यामुळे पासवर्ड फाइल वाचून त्याचे होम दुरुस्त करणारे मध्ये कोणीच नसते. बिझीबॉक्सच्या स्टार्ट-स्टॉप-डीमनने वापरकर्ता बदलला तरी बदलतो तो फक्त वापरकर्त्याचा आणि गटाचा क्रमांक, होम जसेच्या तसे राहते. परिणामी प्रोग्राम ‘ॲप’ या वापरकर्त्याच्या नावाने चालत असतो, पण सेटिंगची फाइल शोधतो ‘/.कॉन्फिग’मध्ये.

सिस्टीमडी असेल तर चित्र थोडे वेगळे आहे. सेवेच्या युनिट फाइलमध्ये ‘युझर=’ ही ओळ असेल तर सिस्टीमडी होम, युझर, लॉगनेम आणि शेल ही व्हेरिएबल्स भरून देतो. ती ओळ नसेल, म्हणजे सेवा नुसतीच रूट म्हणून चालत असेल, तर होम मुळात दिलेच जात नाही. येथे प्रत्येक भाषेची आणि लायब्ररीची तऱ्हा निराळी. पायथनमधील घरचा पत्ता उलगडणारे फंक्शन होम नसल्यास पासवर्ड फाइलकडे वळते आणि जीलिबही तेच करते. गो भाषेतील फंक्शन होम नाही म्हणून सरळ त्रुटी परत करते. क्यूटी मात्र काहीही न बोलता ‘/’ हीच होम डिरेक्टरी मानते. एकाच उपकरणावर पायथनची स्क्रिप्ट बरोबर चालते आणि क्यूटीचा पडदा सेटिंग विसरतो, याचे कारण बहुतेक वेळा एवढेच असते.

यासाठी अंदाज बांधत बसण्याची गरज नाही. चालू प्रोसेसचा क्रमांक घ्यावा आणि ‘/प्रॉक’मधील त्या क्रमांकाच्या डिरेक्टरीतील ‘एन्व्हायरन’ ही फाइल वाचावी. तिच्यात व्हेरिएबल्स शून्य बाइटने विलग केलेली असतात, त्यामुळे टीआर कमांडने ती ओळीओळींत करून घ्यावी लागतात. शेलमध्ये लॉगिन करून होम छापून पाहणे हा पुरावा नव्हे, कारण तो तुमच्या लॉगिनचा होम आहे, सेवेचा नव्हे. शेलमध्ये नुसते ‘~’ लिहिले तर ते होम व्हेरिएबलवरून उलगडते, ‘~रूट’ असे नावासह लिहिले तर पासवर्ड फाइलवरून उलगडते. हे दोन एकाखाली एक छापून पाहिले की पहिल्या दोन गोष्टींत फरक आहे का, ते लगेच कळते.

मग योक्टोने ‘/होम/रूट’ ही जागा का निवडली? योक्टो ज्यावर उभे आहे त्या ओपनएम्बेडेडच्या मूळ कॉन्फिगरेशनमध्ये ‘रूट_होम’ नावाचे व्हेरिएबल आहे आणि कित्येक वर्षे त्याची ठरलेली किंमत ‘/होम/रूट’ अशीच होती. योक्टोच्या संदर्भपुस्तिकेत याचे कारण अंदाजानेच दिले आहे: काही एम्बेडेड उपकरणांत रूट फाइलसिस्टीम फक्त वाचण्यापुरती ठेवतात आणि लिहिण्याजोगा सर्व डेटा एकाच ठिकाणी असावा असे पाहतात, म्हणून बहुधा ही निवड झाली असावी. २०१५ साली प्रसिद्ध झालेले फाइलसिस्टीम हायरार्की स्टँडर्ड ३.० हेदेखील ‘/रूट’ची सक्ती करत नाही. ती शिफारस केलेली जागा आहे, एवढेच ते म्हणते. शिवाय कोणत्याही प्रोग्रामने होम डिरेक्टरी अमुक ठिकाणीच असेल असे गृहीत धरू नये, असेही त्यात स्पष्ट आहे. तेव्हा ‘/होम/रूट’ ही चूक नव्हे.

तरीही तुमच्या बोर्डावर सिस्टीमडी असेल, तर ‘/रूट’ करावे असाच माझा सल्ला आहे, आणि त्याची दोन कारणे आहेत. पहिले असे, की सिस्टीमडी रूट वापरकर्त्याची माहिती पासवर्ड फाइलमधून न विचारता आपल्या कोडमध्येच ठेवतो, आणि तेथे होम ‘/रूट’ असे पक्के लिहिलेले आहे. पासवर्ड फाइल ‘/होम/रूट’ म्हणत असली तरी ‘युझर=रूट’ लिहिलेल्या सेवेला ‘/रूट’ मिळू शकते, आणि ती डिरेक्टरी तुमच्या इमेजमध्ये कदाचित नसतेच. ओपनएम्बेडेडच्या अलीकडच्या सिस्टीमडी रेसिपीत (पॅकेज कसे बांधायचे ते सांगणाऱ्या फाइलमध्ये) तर रूट_होम ‘/रूट’खेरीज दुसरे काही ठेवल्यास सिस्टीमडीचा त्याला पूर्ण पाठिंबा नाही असा इशारा बिल्डच्या वेळीच छापला जातो. बिल्डच्या हजार ओळींत तो वाहून जातो ही गोष्ट वेगळी.

दुसरे कारण मला अधिक महत्त्वाचे वाटते. ‘/होम’ स्वतंत्र पार्टिशनवर असेल आणि वीज अचानक गेल्यामुळे ते पार्टिशन एखाद्या दिवशी माउंट झाले नाही, तर रूटची होम डिरेक्टरी रिकामी अथवा अस्तित्वातच नसलेली आढळते. रूटच्या अधिकृत चाव्यांची फाइल त्याच डिरेक्टरीत असते. पासवर्डने लॉगिन बंद ठेवलेले असेल, आणि ते बंद ठेवलेलेच बरे, तर अशा वेळी उपकरणात शिरण्याची वाट केवळ सिरियल पोर्टची उरते. कारखान्यात छताजवळच्या पॅनेलमध्ये बसवलेल्या पेटीच्या सिरियल पोर्टपर्यंत पोहोचण्यासाठी शिडी, परवानगी आणि लाइन बंद असण्याची वेळ, अशा तिन्ही गोष्टी जुळून याव्या लागतात. बिघाड झाला असताना ज्या खात्याने आत शिरायचे, त्याची डिरेक्टरी बिघडू शकणाऱ्या पार्टिशनवर नसावी. ओपनएसएसएच वापरत असाल तर अधिकृत चाव्यांची फाइल कुठे शोधायची हे सर्व्हरच्या कॉन्फिगरेशनमध्ये सांगता येते, आणि ती जागा ‘/ईटीसी’खाली ठेवली तर हा प्रश्न होम डिरेक्टरीपासून पूर्णपणे वेगळा होतो. ओपनडब्ल्यूआरटीने (राउटरसाठीचे लिनक्स) ड्रॉपबेअर या छोट्या एसएसएच सर्व्हरच्या बाबतीत हेच केले आहे: तेथे रूटच्या चाव्या ‘/ईटीसी/ड्रॉपबेअर’मध्ये राहतात.

बदल करायचा तो बोर्डावर नव्हे, बिल्डमध्ये करावा. योक्टोमध्ये रूट_होमची मूळ किंमत दोन प्रश्नचिन्हे असलेल्या दुबळ्या असाइनमेंटने दिलेली असते, म्हणून तुमच्या डिस्ट्रो कॉन्फिगरेशनमध्ये साध्या बरोबरच्या चिन्हाने ‘/रूट’ लिहिले की पुरते. ‘लोकल.कॉन्फ’मध्येही ते चालते, पण ती फाइल सहसा ज्याच्या त्याच्या मशीनवर राहते, सर्वांच्या सामाईक रिपॉझिटरीत जात नाही. मग तुमच्या मशीनवरची इमेज एक सांगते आणि बिल्ड सर्व्हरवरची दुसरेच. पासवर्ड फाइल तयार करणारी रेसिपी आणि मूळ डिरेक्टऱ्या तयार करणारी रेसिपी या दोन्ही हेच व्हेरिएबल वाचतात. रूटच्या डिरेक्टरीत फाइल ठेवणाऱ्या तुमच्या स्वतःच्या रेसिपींतही पाथ न लिहिता हेच व्हेरिएबल लिहिलेले असावे. इमेज तयार झाल्यावर सेडने पासवर्ड फाइल बदलणारी पोस्टप्रोसेस कमांड मी अनेक प्रकल्पांत पाहिली आहे. तिच्याने ओळ तेवढी बदलते, डिरेक्टरी आणि तिच्यातील फाइल्स जुन्याच ठिकाणी राहतात. तुमच्या आवृत्तीत नेमकी कोणती किंमत लागू झाली, हे बिटबेकला (योक्टोची बिल्ड करणारी कमांड) ‘-ई’ देऊन काढलेल्या यादीत पाहावे. ती किंमत कोणत्या फाइलच्या कितव्या ओळीत ठरली, हेही तेथे दिलेले असते.

बिल्डरूट हे योक्टोसारखेच दुसरे साधन वापरणाऱ्यांसाठी थोडक्यात: तेथे रूटचे होम पहिल्यापासूनच ‘/रूट’ आहे, तेव्हा हा भाग सोडून द्यावा. स्वतःचे वापरकर्ते युझर टेबलच्या फाइलमध्ये लिहावेत. त्यातील होमच्या रकान्यात नुसती आडवी रेघ दिली तर डिरेक्टरी तयार होत नाही आणि त्या वापरकर्त्याचे होम ‘/’ ठरते. पाथ दिला तर डिरेक्टरी तयार होते आणि तिच्यातील सर्व फाइल्सची मालकीही त्या वापरकर्त्याकडे दिली जाते, त्यामुळे ओव्हरलेतून (इमेज बांधताना वरून घातलेल्या फाइल्सच्या संचातून) तेथे ठेवलेल्या फाइल्सची वेगळी काळजी घ्यावी लागत नाही.

योक्टोमध्ये ‘ॲप’सारखा वापरकर्ता तयार करताना युझरॲड क्लास वापरला जातो आणि त्यात एक बारकावा आहे. ‘-आर’ देऊन सिस्टीम खाते तयार केले, तर इतरत्र काहीही लिहिलेले असले तरी होम डिरेक्टरी तयार होत नाही. ‘-डी’ने पाथ दिला तरी तो फक्त पासवर्ड फाइलच्या सहाव्या रकान्यात जातो. डिरेक्टरी हवी असेल तर ‘-एम’ स्पष्टपणे द्यावे लागते. सिस्टीमडीच्या सिसयुझर्स या खाती तयार करणाऱ्या सोयीचेही तसेच आहे: खाते तयार होते, डिरेक्टरी होत नाही, आणि पाथ दिला नाही तर होम ‘/’ राहते. ज्या खात्याने कोणी लॉगिनच करणार नाही, त्याला होम डिरेक्टरी नसणे हे योग्यच आहे. फक्त ते आपण ठरवून केलेले असावे.

येथपर्यंतचा भाग तुमच्या पहिल्या तक्रारीचा झाला: बोर्डावर केलेला बदल फक्त पहिल्या गोष्टीला लागला, सेवेचे होम इनिटकडून आले. आता नवी इमेज चढवल्यावर फाइल्स नाहीशा का होतात, तिकडे वळतो.

इमेज तयार होताना ‘/होम/ॲप’मध्ये ज्या फाइल्स ठेवल्या जातात, त्या रूट पार्टिशनच्या आत असतात. बोर्ड बूट झाला की त्याच ‘/होम’वर डेटा पार्टिशन माउंट होते आणि खालच्या फाइल्स झाकल्या जातात. पहिल्यांदा बोर्ड तयार करताना डेटा पार्टिशन रिकामे असेल तर ‘/होम’ही रिकामे दिसते. पहिल्यांदा ते भरलेले असेल तर पुढच्या प्रत्येक अपडेटनंतर तेथे जुन्याच फाइल्स दिसतात, कारण राउक, एसडब्ल्यूअपडेट किंवा मेंडर ही अपडेटची साधने रूट पार्टिशन बदलतात, डेटा पार्टिशनला हात लावत नाहीत, आणि तसेच असायला हवे. खात्री करायची असेल तर रूट पार्टिशनची फाइलसिस्टीम ‘/एमएनटी’वर बाइंड माउंट करून (म्हणजे तीच दुसऱ्या पाथवरही दिसेल असे करून) तिच्यातील होम उघडून पाहावे: तुमच्या ‘हरवलेल्या’ फाइल्स तेथे सुखरूप असतात.

यावर उपाय निवडताना मी आधी फाइल्सच्या दोन जाती वेगळ्या करतो. जी फाइल इमेजच्या आवृत्तीबरोबर बदलली पाहिजे, म्हणजे प्रोग्राम, मूळ सेटिंग, चित्रे, तिची जागा ‘/यूएसआर’ किंवा ‘/ईटीसी’ आहे, होम नव्हे. जी फाइल उपकरणावर जन्मते आणि अपडेटनंतरही टिकली पाहिजे, तिचीच जागा डेटा पार्टिशनवर आहे. ही वाटणी केल्यावर होममध्ये इमेजसोबत पाठवण्यासारखे सहसा काहीच उरत नाही, आणि प्रश्नाचा अर्धा भाग तेथेच मिटतो. काही उरलेच, तर मूळ प्रत ‘/यूएसआर/शेअर’खाली ठेवून पार्टिशन माउंट झाल्यानंतर ती नसल्यास उचलून ठेवावी. सिस्टीमडीच्या टीएमपीफाइल्समध्ये ‘सी’ प्रकारची ओळ हेच काम करते, डिरेक्टरी तयार करण्यासाठी ‘डी’ प्रकारची ओळ आहे, आणि ही सेवा स्थानिक फाइलसिस्टीम्स माउंट झाल्यानंतर चालते. सिसव्हीवर चार ओळींची स्क्रिप्ट पुरेशी आहे, फक्त तिचा क्रमांक माउंटच्या स्क्रिप्टनंतरचा असावा. योक्टोच्या विक या साधनाने पार्टिशन्स तयार करत असाल तर रूट पार्टिशनमधून होम वगळून त्यातील मजकूर वेगळ्या पार्टिशनमध्ये भरण्याची सोय आहे, पण ती कारखान्यात पहिल्यांदा फ्लॅश करतानाच उपयोगी पडते.

‘फाइल्स दिसतात पण उघडत नाहीत’ हा प्रकार मात्र निराळा आहे. फाइलसिस्टीम मालकाचे नाव साठवत नाही, क्रमांक साठवते. सिस्टीम खात्यांना क्रमांक देताना युझरॲड ९९९ पासून खाली उतरत जातो, आणि योक्टोमध्ये हे वाटप रूट फाइलसिस्टीम तयार होताना पॅकेजेस ज्या क्रमाने बसतात त्या क्रमाने होते. समजा, पहिल्या इमेजमध्ये ‘ॲप’ला ९९७ मिळाला आणि त्याने डेटा पार्टिशनवर ९९७च्या मालकीच्या फाइल्स लिहिल्या. पुढच्या इमेजमध्ये कोणी एमक्यूटीटी ब्रोकरचे पॅकेज घातले, त्याचे खाते आधी तयार झाले, त्याला ९९७ मिळाला आणि ‘ॲप’ ९९६वर सरकला. आता ‘ॲप’ला स्वतःच्याच फाइल्स परक्या झाल्या, आणि ब्रोकरला त्या आयत्या मिळाल्या. सुरक्षेच्या दृष्टीने हा दुसरा भाग अधिक वाईट आहे, पण तक्रार नेहमी पहिल्याचीच येते. ‘एलएस’ला ‘-एन’ देऊन पाहिले की नावांऐवजी क्रमांक दिसतात आणि शंका फिटते.

यावरचा उपाय एकच, क्रमांक बांधून टाकणे. योक्टोमध्ये युझरॲड-स्टॅटिकआयडीज नावाचा विस्तार आहे. त्यात पासवर्ड आणि ग्रुप फाइलच्याच धर्तीची टेबले देऊन प्रत्येक खात्याचा क्रमांक ठरवून देता येतो, आणि टेबलात नसलेले खाते आढळल्यास बिल्ड थांबवण्याची सोयही आहे. ती सोय जरूर चालू ठेवावी. सुरुवातीला चार-दोन वेळा बिल्ड अडेल आणि सहकारी कुरकुरतील, पण टिकणारे पार्टिशन असलेल्या कोणत्याही उपकरणात मी हे पहिल्या इमेजपासूनच लावतो. उपकरणे आधीच बाहेर गेली असतील, तर टेबलात ‘आदर्श’ क्रमांक न घालता बाहेर सर्वाधिक पसरलेल्या इमेजमधील क्रमांक घालावेत, आणि उरलेल्यांसाठी प्रोग्राम सुरू होण्यापूर्वी मालकी दुरुस्त करणारी, एकदाच चालणारी सेवा द्यावी.

परवानगीच्या त्रुटीवर वैतागून होम डिरेक्टरी ०७७७ करून टाकण्याचा मोह अनेकांना होतो. असे केले की एसएसएचच्या चाव्या चालेनाशा होतात, कारण ओपनएसएसएच आणि ड्रॉपबेअर दोघेही होम डिरेक्टरी, तिच्यातील ‘.एसएसएच’ आणि चाव्यांची फाइल गटाला किंवा इतरांना लिहिता येत असेल तर ती फाइल मानत नाहीत. होमला ०७५० किंवा ०७००, ‘.एसएसएच’ला ०७०० आणि चाव्यांच्या फाइलला ०६०० हे ठेवावे.

रूट फाइलसिस्टीम फक्त वाचण्यापुरती असेल तर आणखी एका गोष्टीकडे लक्ष द्यावे लागते. तुम्ही स्वतः होममध्ये काही लिहीत नसलात तरी तुमच्या लायब्ररी लिहितात. फाइल्स कुठे ठेवाव्यात हे सांगणाऱ्या एक्सडीजीच्या संकेताप्रमाणे कॅशेची जागा होममधील ‘.कॅशे’ असते. फाँटकॉन्फिग, मेसाचे शेडर, क्यूएमएलची संकलित रूपे आणि जीस्ट्रीमर या ध्वनी-चित्र हाताळणाऱ्या लायब्ररीची प्लगइन्सची नोंदवही हे सर्व तेथे जाते. होम ‘/’ असेल आणि तेथे लिहिता येत नसेल, तर जीस्ट्रीमर प्रत्येक बूटला सगळी प्लगइन्स पुन्हा तपासत बसतो आणि पहिले चित्र पडद्यावर यायला काही सेकंद उशीर होतो. लोक हा उशीर कर्नलमध्ये शोधत राहतात. अशा सेवेला एक्सडीजी कॅशेचे व्हेरिएबल, किंवा जीस्ट्रीमरपुरते त्याच्या नोंदवहीचे व्हेरिएबल, ‘/व्हार/कॅशे’खालच्या जागेकडे स्पष्टपणे वळवून द्यावे. ती जागा टीएमपीएफएसवर (मेमरीतील तात्पुरत्या फाइलसिस्टीमवर) नाही ना, हेही पाहून घ्यावे, नाहीतर नोंदवही दर बूटला पुसली जाईल. ‘/होम’वर संपूर्ण ओव्हरले फाइलसिस्टीम (मूळ फाइल्सवर लिहिण्याजोगा थर) घालणे हा दुसरा मार्ग आहे. मला तो फारसा आवडत नाही, कारण वरच्या थरात एकदा बदललेली फाइल खालच्या थरातील नव्या इमेजच्या फाइलला कायमची झाकते, आणि आपण पुन्हा आधीच्याच अडचणीत सापडतो.

तुमच्या प्रोग्रामबद्दल सांगायचे, तर त्याने होमवर विसंबूच नये. सेटिंग ‘/ईटीसी’मध्ये, टिकणारा डेटा ‘/व्हार/लिब’खाली स्वतःच्या डिरेक्टरीत, आणि दोन्ही पाथ कमांडच्या पॅरामीटरने किंवा स्वतःच्या व्हेरिएबलने दिलेले असावेत. सिस्टीमडीमध्ये ‘स्टेटडिरेक्टरी=’ लिहिले की ‘/व्हार/लिब’खाली डिरेक्टरी योग्य मालकीसह तयार होते आणि तिचा पाथ प्रोग्रामला व्हेरिएबलमधून मिळतो. डेटा पार्टिशन वेगळे असेल तर ‘/व्हार/लिब’मधील ती जागा त्यावर बाइंड करावी आणि युनिटमध्ये ‘रिक्वायर्समाउंट्सफॉर=’ लिहावे, म्हणजे पार्टिशन माउंट होण्यापूर्वी सेवा सुरू होऊन खालच्या रिकाम्या डिरेक्टरीत लिहीत बसणार नाही. बाहेरून घेतलेल्या एखाद्या लायब्ररीला होम हवेच असेल तर ‘एन्व्हायर्नमेंट=’ने त्या एका सेवेपुरते द्यावे. सुरक्षेसाठी कोणी ‘प्रोटेक्टहोम=’ चालू केले असेल तर ‘/होम’ आणि ‘/रूट’ दोन्ही त्या सेवेला अदृश्य होतात, हे ध्यानात असू द्यावे. ‘/होम/ॲप’मध्ये राहणारा प्रोग्राम त्या क्षणी आपल्या घराबाहेर पडतो आणि लॉगमध्ये फक्त फाइल उघडता आली नाही एवढेच उमटते.

तुमच्या बोर्डावर मी काम या क्रमाने करीन. आधी चालू सेवेचे एन्व्हायर्नमेंट ‘/प्रॉक’मधून वाचून होम काय आहे ते पाहीन. मग डिस्ट्रो कॉन्फिगरेशनमध्ये रूट_होम ‘/रूट’ करून, ॲपचा क्रमांक सध्याच्या इमेजमधलाच बांधून नवी इमेज तयार करीन. सेवेत ‘युझर=’ आणि ‘स्टेटडिरेक्टरी=’ घालून ‘/होम/ॲप’मधील टिकणारा डेटा पहिल्या बूटला तेथे हलवीन. काही उपकरणे ग्राहकांकडे आधीच गेली असतील, तर त्यांच्यावरील स्क्रिप्ट्समध्ये आणि सर्व्हिस इंजिनिअरच्या लॅपटॉपवरील कॉपी करण्याच्या कमांड्समध्ये ‘/होम/रूट’ हा पाथ नक्कीच लिहिलेला असणार. त्यांच्यासाठी डेटा पार्टिशनवर ‘/होम/रूट’ या नावाची, ‘/रूट’कडे नेणारी सिंबॉलिक लिंक पहिल्या बूटला तयार करावी, पण तेथे आधीची खरी डिरेक्टरी असेल तर ती न पुसता वेगळे नाव देऊन बाजूला ठेवावी. उलट दिशेची लिंक, म्हणजे ‘/रूट’वरून ‘/होम/रूट’कडे नेणारी, टाळावी. डेटा पार्टिशन माउंट झाले नाही की ती लिंक तुटते आणि आणीबाणीच्या शेलमध्ये रूटला पुन्हा घर राहत नाही.